चांदीचं छत

लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासच्या समोर एक गाईड पंधरा-वीस लोकांच्या घोळक्याला सांगत होता, "ऊपर देखिए, ये जो छत है ना, ये पूरी चाँदी की थी, नादिरशाह उखाड के ले गया." आम्ही काही त्या घोळक्यातले नव्हतो, पैसे न देता बाजूला उभं राहून ऐकत होतो इतकंच. आमच्या बाबांनी दोरीच्या बाहेरून मान वाकडी करून वर बघितलं, लाकडी नक्षीदार छत आहे आता, आणि जीभ टाळ्याला लावून च्च च्च केलं. "काय हावरी माणसं गं. छतसुद्धा सोडलं नाही."

मी गप्प.

कारण मला तोवर कळलेलं होतं की छत नादिरशाहनं नेलं नव्हतं. नादिरशाहनं १७३९ मध्ये मयूरासन नेलं, कोहिनूर नेला, शहरात कत्तल केली, सगळं केलं, पण हे चांदीचं छत मागे राहिलं होतं. ते १७६० च्या पावसाळ्यात आपल्या सदाशिवरावभाऊंनी काढलं आणि वितळवून त्याचे रुपये पाडले. हे बाबांना तिथल्या तिथे सांगता आलं असतं. पण सकाळी मेट्रोतून उतरल्यापासून माणूस इतका खुशीत होता, दिल्ली दरवाजा काय, लाहोरी दरवाजा काय, किल्ल्याच्या तटाकडे बघून शाळेतलं ते दिल्लीचं तख्त राखल्याचं गाणं पण गुणगुणून झालेलं, आणि सत्तरीच्या माणसाला उन्हात उभं करून इतिहास दुरुस्त करायची माझी काही इच्छा झाली नाही. शिवाय खरं सांगायचं तर परक्या गावात, गाईडच्या तोंडून सुटलेली चोरी आपण होऊन अंगावर कोण घेतं?

तर हे त्या गप्प राहण्याबद्दल आहे. आणि तीन वर्षं मी दिल्लीत राहून दिल्लीची पुस्तकं वाचत होते त्याबद्दल.

२०१७ मध्ये बँकेनं बदली केली तेव्हा मी पटपडगंजला एका सोसायटीत वरच्या मजल्यावरचा वन बीएचके घेतला, भाड्यानं. ओळखीचं कुणी नाही. मे महिना. दिल्लीचा मे ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको, टाकीचं पाणी सकाळी सातलाच इतकं तापलेलं की आंघोळीसाठी आदल्या रात्री बादल्या भरून ठेवायच्या. रविवारी काय करायचं हा प्रश्नच होता, मग ऑफिसातल्या एकानं दरियागंजचं सांगितलं. तेव्हा तो जुन्या पुस्तकांचा बाजार अजून फुटपाथवर भरायचा (२०१९ मध्ये तो तिथून उठवून महिला हाटच्या आवारात नेला). फुटपाथवर चादरी पसरून पुस्तकांचे ढीग, काही चक्क किलोवर, आणि त्यात एमपीएससीसारख्या परीक्षांची गाईडं, मेडिकलचे ठोकळे, कुणाच्या तरी वारलेल्या आजोबांची अख्खी लायब्ररी. तिथे मला गालिबची पत्रं मिळाली. देवनागरीत, पिवळी पानं, शंभराची पन्नासला केली. उर्दू लिपी मला येत नाही हे आधीच सांगून टाकते, माझं सगळं वाचन देवनागरी नाहीतर इंग्रजी भाषांतराच्या कुबड्यांवर झालेलं आहे.

गालिब म्हणजे गझलवाला एवढंच डोक्यात होतं. पत्रांमधला गालिब वेगळाच निघाला. पेन्शन कधी येणार, आंबे आले का, अमुक वारला, तमुक वारला, दारू मिळत नाही, घर गळतंय. असं वाटतं की शेजारच्या खोलीतून कोणी वयस्कर माणूस मोठ्यानं बोलतोय. आणि १८५७ नंतरची पत्रं तर एकापाठोपाठ एक वाचवत नाहीत. एका मित्राला, मीर महदी मजरूहला, तो लिहितो की बाबा रे, दिल्ली उभी होती पाच गोष्टींवर. किल्ला, चांदणी चौक, जामा मशिदीपाशी रोज भरणारा बाजार, दर आठवड्याला यमुनेच्या पुलावरचं फिरणं आणि वर्षातून एकदा फूलवाल्यांची जत्रा. आता पाचही नाहीत, मग तूच सांग दिल्ली कुठाय.

हे मी वाचलं ते मेट्रोत बसून, आणि बाहेर अख्खी दोन कोटींची दिल्ली धावत होती.

तेव्हापासून नादच लागला. आता नाद म्हटलं की लोकांना वाटतं मी काही शिस्तीत, काळानुसार वाचत गेले असेन, तसं काही नाही, जे पुस्तक हाती लागलं ते. बहुतेक वेळा उलटंच, म्हणजे आधी शेवट आणि मग सुरुवात. अहमद अलींची 'ट्वायलाइट इन डेल्ही' ही १९४० साली लंडनमध्ये छापलेली कादंबरी, तिच्यात १९११ च्या दरबाराच्या आसपासची जुनी दिल्ली आहे. गोष्ट म्हणाल तर काही नाही, मीर निहाल नावाचा एक म्हातारा, त्याची कबुतरं, त्याचा मुलगा, लग्न, आजारपणं. पण त्यातल्या गल्लीत दुपार कशी होते ते वाचून बघा. कबुतरं उडवणाऱ्यांच्या आरोळ्या, भिश्ती, फकीर, गच्चीवरची तापलेली फरशी. ही कादंबरी छापताना मुद्रकानं १८५७ बद्दलच्या मजकुरावर हरकत घेतली होती, युद्धाचा काळ, राजद्रोही वाटलं त्यांना. आणि पुढचं अजून वाईट, फाळणीच्या वेळी अहमद अली चीनमध्ये शिकवायला गेले होते, तिथून त्यांना दिल्लीला परत येताच आलं नाही, पाकिस्तानात जावं लागलं. म्हणजे ज्यानं दिल्लीची संध्याकाळ लिहिली त्याला पुढे दिल्लीत राहायलाच मिळालं नाही.

मग मागे मागे. गालिबचं 'दस्तंबू' म्हणजे १८५७ मधली रोजनिशी. यात तो इंग्रजांना खूष करायला काय काय लिहितो ते वाचताना लाज वाटते, पण त्यातच मध्येच त्याचा वेडा भाऊ यूसुफ मरतो, बाहेर शहरात इंग्रजांचा अंमल, दुकानं बंद, कफनाला कापड नाही, शेवटी घरातल्याच पांढऱ्या चादरींत गुंडाळून शेजारच्या मशिदीत पुरतात. हे तो दोन-चार ओळींत लिहितो. तिथे राजकारण बिजकारण सगळं बाजूला पडतं. (तेव्हाच आपल्या वरसईचे गोडसे भटजी ग्वाल्हेर-झाशीकडे पायी भटकत होते. एक माणूस घरात कोंडलेला, एक रस्त्यावर सापडलेला, आणि दोघांनी आपापलं लिहून ठेवलं. ही दोन पुस्तकं मी एकाच महिन्यात लागोपाठ वाचली, ज्याला जमेल त्यानं तसंच वाचावं.)

अजून मागे, अठराव्या शतकातला उर्दू शायर मीर तकी मीर. त्याचं आत्मचरित्र 'जिक्र-ए-मीर', मूळ फारसी. यात अब्दालीनं लुटलेल्या दिल्लीत तो परत येतो आणि त्याला गल्ल्याच ओळखता येत नाहीत, घरं नाहीत, माणसं नाहीत, कुणाचं दार कुठे होतं तेही आठवेना. आणि त्याच्याही मागे दरगाह कुली खान, जो निजामाबरोबर दख्खनेतून दिल्लीला गेला आणि १७३८ ते १७४१ तिथे राहिला, पुढे औरंगाबादचा सुभेदार झाला. म्हणजे आपल्याकडचाच म्हणायचा. त्याचं 'मुरक्का-ए-देहली' हे तर अक्षरशः हुंदडणाऱ्या पाहुण्याचं पुस्तक आहे. कुठल्या दर्ग्यात कधी गर्दी असते, कोण कव्वाल चांगला, कोणाची मैफल बोअर. अद बेगम नावाची एक नर्तकी, ती पायजमा घालतच नसे, पायांवर पायजम्याची नक्षी रंगवून घेई आणि बघणाऱ्याला पत्ता लागत नसे. आणि चांदणी चौकाचा तो किस्सा, एका सरदारपुत्राला चौकात खरेदी करायची होती तर विधवा आईनं लाख रुपये हातावर ठेवले आणि वर म्हणाली की एवढ्यात तिथली खास चीज काही येणार नाही, पण गरजेपुरतं काहीतरी घे बाळा. मी हे वाचलं आणि पुढच्या शनिवारी चांदणी चौकात जाऊन दीडशे रुपयांची चप्पल घेतली, ती पंधरा दिवसांत तुटली.

एक गंमत माझ्या उशिरा लक्षात आली. दिल्लीसाठी सगळ्यात जास्त रडलेली माणसं दिल्लीची नव्हतीच. मीर आग्र्याचा. गालिब पण आग्र्याचा. दरगाह कुली दख्खनेतला. आणि आपल्या आधीची दिल्ली खरी, आत्ताची कसली, हे प्रत्येकाचं म्हणणं. गालिबला बहादूरशाहच्या वेळची दिल्ली हवी, मीरला नादिरशाहच्या आधीची. आणि बल्लीमारानच्या गल्ली कासिम जानमध्ये मी गालिबची हवेली बघायला गेले तर बाहेरचा चष्मेवाला मला सांगतो, मॅडम, असली पुरानी दिल्ली तो नब्बे के पहले थी. बल्लीमारानात सगळी चष्म्यांची आणि चपलांची दुकानं. हवेली म्हणजे उरलेल्या दोन-तीन खोल्या, गालिबचा अर्धपुतळा, आत गारवा. पाच मिनिटांत बघून होते. मी अर्धा तास बसले कारण बाहेर ऊन होतं.

असो. मुद्द्यावर येते.

या सगळ्या पुस्तकांत अधूनमधून आपण येतो. म्हणजे मराठे. आणि ते वाचायची मला सवयच नव्हती. आपल्या पुस्तकांत आपण 'आम्ही' असतो, तिथे आपण 'ते' आहोत. दखनी. मरहट्टे. कधी येतात, का येतात कळत नाही, घोड्यावर येतात, पैसे मागतात, जातात. जसे आपल्या बखरींत गिलचे, म्हणजे अब्दालीचे अफगाण, येतात ना, अगदी तसेच. मीर आपल्याबद्दल द्वेषानं लिहितो असंही नाही, उलट पानिपतबद्दल तो म्हणतो की हे दखनी आपल्या नेहमीच्या पद्धतीनं, पळवून दमवून लढले असते तर कदाचित जिंकले असते. बरोब्बर तेच जे आपल्याकडे प्रत्येक गणपतीच्या मांडवामागे रात्री बारा वाजता कोणीतरी म्हणतं. पण त्याच्या लेखी ती दोन परक्यांची मारामारी आहे. त्याचं शहर मध्ये सापडलंय, आणि जिंकलं कोण यानं त्याच्या गल्लीला काही फरक पडणार नाहीये.

मग मी उलट केलं. सुट्टीत घरी गेले की मराठी पुस्तकांत दिल्ली शोधायला लागले. घरी बाबांच्या कपाटात रियासतीचे, म्हणजे सरदेसायांच्या मराठ्यांच्या इतिहासाचे, सुटे खंड आहेत, रद्दीवाल्याकडून एकेक करून जमवलेले, वर्तमानपत्राची कव्हरं घातलेले. शिवाय कादंबऱ्या. आणि लक्षात आलं की आपल्याकडे दिल्ली आहे, भरपूर आहे, पण ती 'दिल्ली' म्हणजे तख्त. सनद. चौथाई. वकील. दिल्लीला गल्ली नाहीये आपल्या पुस्तकांत. चांदणी चौकात संध्याकाळी काय विकतात हे एकाही पेशव्याला ठाऊक असल्याचं दिसत नाही, निदान मला तरी सापडलं नाही. पहिल्या बाजीरावाचं चिमाजीअप्पांना लिहिलेलं दिल्लीच्या स्वारीचं पत्र घ्या, १७३७ मधलं. जबरदस्त पत्र आहे, वेगवान, एखादा थ्रिलर वाचावा तसं. रामनवमीच्या सुमाराला ते कालकाच्या देवळापाशी पोचले, तिथे जत्रा भरलेली, आणि शहर जाळायचा विचार होता पण तो सोडला, का तर दिल्ली मोठं स्थळ, बादशाहीला बुडवून आपला फायदा नाही, फार ताणलं तर राजकारणाचा दोराच तुटेल. हिशोब चोख आहे. शहाणपणाचा आहे. फक्त जळण्यापासून वाचलेल्या शहराला आपण वाचलो ते एका हिशोबामुळे हे कळलं असतं तर कसं वाटलं असतं, असं मला कालकाजी मंदिरच्या मेट्रो स्टेशनवर गाडी बदलताना दर वेळी वाटायचं.

एक अपवाद म्हणजे वकिलांची पत्रं. चांदोरीचे हिंगणे, बापाच्या मागे मुलं, असे पिढ्यान् पिढ्या दिल्लीत पेशव्यांचे वकील होते, त्यांचा पत्रव्यवहार 'हिंगणे दफ्तर' म्हणून छापलेला आहे. म्हणजे गालिबच्या शंभर वर्षं आधी नाशिककडची मराठी माणसं दिल्लीत घर करून राहत होती, तिथेच दुखणीबाणी काढत होती, आणि पुण्याला पत्रं पाठवत होती. पत्रांत बहुतेक कोण वजीर, कोण रुसला, पैसे अडकले हेच, कारण त्यासाठीच पगार मिळत होता. पण मला राहून राहून वाटायचं की यातल्या एखाद्यानं कधीतरी नुसतं फिरून आल्यावर लिहायला हवं होतं. एखाद्या हिंगण्यानं मुशायरा ऐकला असेल? अद बेगमबद्दल ऐकलं असेल? नक्कीच ऐकलं असणार हो, माणसंच होती ती. पण पुण्याला लिहून कोण पाठवणार. बदली झालेली बँकेतली बाई पण हेड ऑफिसला मंथली रिपोर्टमध्ये कबुतरांबद्दल लिहीत नाही.

आता छत.

ऑगस्ट १७६० च्या सुरुवातीला भाऊंनी दिल्ली घेतली. दिल्ली घेतली म्हणजे आनंदीआनंद नव्हता, प्रचंड फौज, तिच्याबरोबर यात्रेकरू, बायकामुलं, बाजारबुणगे, पावसाळा, यमुना फुगलेली, पलीकडे अब्दाली, आणि खजिना रिकामा. भाऊंच्या त्या वेळच्या पत्रांत एकच धोशा आहे, पैसा पाठवा. उत्तरेतला वसूल बघणाऱ्या गोविंदपंत बुंदेल्यांना तर पत्रावर पत्र. धान्य मिळेना, जनावरांना वैरण नाही. अशा वेळी समोर, एका राजवाड्यात, जिथे नाव घेण्यासारखा बादशाह पण उरला नव्हता, चांदीचं छत दिसतं. काय कराल? मी बँकेत आहे, मला तर हा प्रश्न अगदी समजतो, कॅश फ्लो नसेल तर माणूस काय काय मोडतो ते मी रोज काउंटरवर बघितलंय. मंगळसूत्र गहाण टाकायला आलेली बाई त्याच्या सौंदर्याबद्दल बोलत नाही.

पण त्याच छताची दुसरी बाजू दुसऱ्या पुस्तकांत आहे. भरतपूरचा सूरजमल जाट तेव्हा आपल्याबरोबर होता, छतावरून तो बिनसला असं सांगतात, आणि कारण काहीही असो, तो सोडून गेला हे खरं. काशीराज पंडित म्हणून एक दक्षिणी ब्राह्मण होता, पण नोकरीला अवधचा नवाब शुजाउद्दौल्याकडे, म्हणजे पानिपतावर समोरच्या बाजूला. त्यानं सगळी हकिगत फारसीत लिहिली, त्यात हे आहेच. दिल्लीवर लिहिणारे आजचे इतिहासकार पण ते लिहितात, एका वाक्यात, नादिरशाह, अब्दाली, मराठे, जाट, रोहिले अशा माळेत. ती माळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. वाटलं काय हे, आपल्याला कुणाच्या पंक्तीत बसवलंय. नंतर विचार केला की ज्यानं घर लुटलं जाताना बघितलं तो लुटणाऱ्यांची पंगत कशाला वेगवेगळी मांडेल? त्याला एवढंच दिसणार की परवा अमुक नव्हतं झालं, काल तमुक, आज वर बघितलं तर छत नाही.

आणि तरीही, हे पण सांगायला हवं, नाहीतर मी दिल्लीवाल्यांचीच झाले असं होईल. माळेतलं आपलं नाव तिथेच संपत नाही. १७७२ च्या जानेवारीत अलाहाबादला अडकलेल्या शाहआलमला दिल्लीच्या गादीवर आणून बसवलं ते महादजी शिंद्यांनी आणि बाकीच्या मराठी सरदारांनी. १७८८ मध्ये गुलाम कादिर रोहिल्यानं किल्ल्यात घुसून त्या म्हाताऱ्या बादशाहचे डोळे काढले, त्याच्या घरातल्या बायकापोरांचे हाल हाल केले, ते वाचवत नाही. तेव्हा किल्ला सोडवला महादजींच्या फौजेनं, आणि फौजेचा म्होरक्या कोण तर राणेखान. हा राणेखान म्हणजे मूळचा भिश्ती, पखाल वाहणारा. पानिपताहून पळताना जखमी होऊन पडलेल्या महादजींना यानं बैलावर घालून वाचवलं होतं, तेव्हापासून महादजी त्याला भाऊ मानायचे. सत्तावीस वर्षांनी तोच माणूस लाल किल्ल्यात शिरला आणि आंधळ्या बादशाहपुढे उभा राहिला. यावर कुणी मराठीत नीट कादंबरी लिहिली असेल तर मला सांगा, मी आत्ता जाऊन घेते. शाहआलम स्वतः शायर होता, त्यानं आंधळेपणावर लिहिलेल्या फारसी कवितेत महादजींना मुलगा म्हटलंय.

म्हणजे राखलं, तख्त राखलं हे खोटं नाही.

पण कसं राखलं? ११ सप्टेंबर १८०३ ला इंग्रजांच्या जनरल लेकनं शिंद्यांच्या फौजेला, जिचं नेतृत्व तेव्हा बुर्कें नावाच्या फ्रेंचाकडे होतं, हरवलं आणि दिल्लीत शिरला. किल्ल्यात गेला तर बादशाह कुठे बसलेला होता? एका फाटक्या छोट्या शामियान्याखाली. इंग्रजांनी हे मुद्दाम लिहून ठेवलं, आपण किती दयाळू हे दाखवायला, ते ठीकच. पण पंधरा वर्षं किल्ला आपल्या ताब्यात होता आणि बादशाहच्या डोक्यावर फाटकं कापड. वरून चांदी काढली तीही आपणच, हे दोन संदर्भ मला एकाच आठवड्यात दोन वेगळ्या पुस्तकांत सापडले आणि मग कितीतरी दिवस डोक्यातून जाईनात.

आणि ही १८०३ ची लढाई झाली कुठे माहितीये? पटपडगंज. दूधवाला, मदर डेअरी, सोसायट्यांची रांग, संध्याकाळी गेटवर मोमोचे ठेले, तेच पटपडगंज. जिथे मी दोन वर्षं राहिले, घरमालकाशी गळक्या स्लॅबवरून भांडले, आणि मला या गोष्टीचा पत्ता नव्हता. दिल्ली आपल्या हातून गेली ती माझ्या बाल्कनीच्या आसपास कुठेतरी. त्या लढाईचा इंग्रजांनी उभारलेला खांब आता नोएडाच्या गोल्फ कोर्सच्या आत आहे म्हणे, तो काही मी बघितला नाही. सोसायटीतल्या एका पंजाबी काकूंना सांगितलं, यहाँ मराठों की लडाई हुई थी. त्या म्हणाल्या, अच्छा? पार्किंग को लेके?

२०२० च्या सुरुवातीला बदली परत पुण्याला झाली. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वं मराठी साहित्य संमेलन दिल्लीत तालकटोरा स्टेडियमला भरलं तेव्हा मी टीव्हीवर बघत होते. तालकटोऱ्याच्याच आसपास बाजीरावाच्या स्वारीत बादशाही फौजेशी चकमक झाली होती, त्यामुळे त्याचा उल्लेख होणार हे उघड होतं. मला आपलं वाटत होतं की कुणीतरी गालिबच्या त्या पाच गोष्टी पण सांगाव्यात. पुस्तकांचे स्टॉल होते, गर्दी होती, बरं वाटलं बघून.

बाबांना मी छताबद्दल शेवटी सांगितलं ते संमेलनाच्या त्या बातम्या बघतानाच, सहज, चहा पिता पिता. म्हटलं, बाबा, ते छत आठवतंय का, लाल किल्ल्यातलं, ते नादिरशाहनं नव्हतं नेलं. भाऊंनी नेलं. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "कुणी सांगितलं?" म्हटलं, सगळीकडे लिहिलंय. तर म्हणाले, "आपल्यात नाही लिहिलेलं." मी म्हटलं आपल्यात पण असणार, बघा की. यावर ते काही बोलले नाहीत, टीव्हीचा आवाज वाढवला.

रात्री साडेदहाला मी पाणी प्यायला उठले तर बाहेरच्या खोलीत लाईट. बाबा जमिनीवर बसलेले, पुढ्यात रियासतीचा पानिपत प्रकरणाचा खंड, कव्हर निघालेलं, चष्मा कपाळावर. "अगं इकडे ये," म्हणाले. "आहे इथे." बोट ठेवून दाखवलं. मी वाकून बघितलं. पुस्तकभर बाबांच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत, त्यांची सवय, पट्टी धरून सरळ रेघ मारतात. या पानावरही होत्या. फौजेचे हाल, पैशाची ओढ, त्याच्याखाली रेघ. पुढे सूरजमल निघून गेला, त्याच्याखाली दोन रेघा. मधल्या छताच्या ओळीखाली काही नाही.

"तीनदा वाचलंय मी हे," बाबा म्हणाले. मग चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पेन्सिल कुठाय ते शोधायला लागले.